टाळ्यांनी सुरू होणारा तास: टूसॉनमध्ये नेमकं काय झालं होतं

एथनिक स्टडीज, म्हणजे अमेरिकेतल्या अल्पसंख्य समाजांचा इतिहास आणि संस्कृती, शाळेत शिकवावं का यावर अमेरिकेत आज जो वाद चाललाय तो समजायचा तर आधी ॲरिझोनातलं टूसॉन बघायला हवं. हे शहर १८५४ पर्यंत मेक्सिकोत होतं, म्हणजे माणसं जागच्या जागी राहिली आणि देश बदलला, तरी त्यांच्या नातवंडांना शाळेच्या इतिहासात आपलं कुणी सापडायचं नाही.

या विषयाची मागणी जुनी आहे. १९६८ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजच्या पोरांनी संप केला तो साडेचार महिने चालला, तेव्हा कुठे १९६९ ला कॉलेजात वेगळा विभाग निघाला. टूसॉनच्या सरकारी शाळांत मेक्सिकन अमेरिकन स्टडीज आलं ते थेट १९९८ ला. तास सुरू व्हायचा टाळ्यांनी, आधी एकदम सावकाश, मग वेग वाढत वाढत अख्खा वर्ग एका ठेक्यात, ही पद्धत शेतमजुरांच्या युनियनची. मला वाटतं निम्मं शिक्षण त्या टाळ्यांतच होतं, कारण त्या पोरांचे आजी-आजोबा शेतात राबलेले आणि आता तेच वर्गात मानाने आलेले.

मग २०१० ला ॲरिझोना राज्याचा कायदा आला, वंशद्वेष पसरवणारे किंवा एकाच वंशाच्या मुलांसाठीचे कोर्स बंद, नाही केले तर राज्याकडून शाळांना मिळणारा १० टक्के निधी कापणार. एप्रिल २०११ मध्ये काही विद्यार्थ्यांनी शाळा चालवणाऱ्या बोर्डाच्या मीटिंगमध्ये सदस्यांच्या खुर्च्यांना स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं, तरी जानेवारी २०१२ ला कोर्स बंद झाला आणि सात पुस्तकं वर्गांतून उचलून खोक्यांत भरून नेली. आपली गोष्ट पहिल्यांदा ज्यात वाचली तेच पुस्तक खोक्यात जाताना बघणं, पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला काय वाटलं असेल!

आणि कोर्सने नुकसान होत होतं म्हणावं तर तेही नाही. २०१४ च्या अभ्यासात हा कोर्स घेतलेल्या मुलांचं हायस्कूल पूर्ण करण्याचं आणि राज्याची परीक्षा पास होण्याचं प्रमाण जास्त निघालं. सॅन फ्रान्सिस्कोत नववीच्या कमी मार्कांच्या मुलांना असाच कोर्स दिला तर हजेरी २१ टक्के पॉइंट्सनी वाढली.

२०१७ ला फेडरल न्यायाधीश वॉलेस ताशिमांनी निकाल दिला की ही बंदी वंशभेदातूनच आली होती. पण २०१२ ला वर्गात बसलेली पोरं तोवर शाळा सोडून गेली होती. कॅलिफोर्नियाने २०२१ ला हा विषय हायस्कूलला सक्तीचा करायचा कायदा केला, पण पैसे दिले तरच लागू अशी अट घातली आणि २०२५ च्या बजेटमध्ये पैसेच ठेवले नाहीत.