२५ डिसेंबर आला कुठून? नाताळच्या तारखेचं गणित

डिसेंबर लागला की एक फॉरवर्ड हमखास येतो. सूर्य २२ तारखेला 'मरतो', तीन दिवस आकाशात एकाच जागी थांबतो आणि २५ ला एक अंश उत्तरेला सरकून 'पुन्हा जिवंत होतो', म्हणून येशूचा जन्म २५ ला दाखवला, थोडक्यात हा सण रोमन सूर्यदेवाचा ढापलेला आहे, असं त्यात असतं. लोक न तपासता पुढे पाठवतात. मला याचा खरंच त्रास होतो, कारण खरी गोष्ट यापेक्षा कितीतरी भारी आहे.

आधी तो एक अंश तपासू. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला २३.४४ अंशांवर असतो. झोका टोकाला गेला की कसा क्षणभर रेंगाळतो, तसंच सूर्याचं त्या दिवसांत होतं, त्यामुळे तीन दिवसांनी तो फारतर २३.४१ वर आलेला असतो. फरक ०.०३ अंश. सूर्याची चकतीच अर्धा अंश रुंद आहे, तिचा सतरावा-अठरावा भाग सरकला तर नुसत्या डोळ्यांना काय कळणार? पूर्ण एक अंश सरकायला साधारण १६-१७ दिवस लागतात, म्हणजे ७ जानेवारीचा सुमार उजाडतो. शाळेतली कोसाइन आठवत असेल तर घरी करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता मुद्द्यावर येऊ. बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख नाहीच. इ.स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा ख्रिस्ती पंडित लिहितो की काही लोक जन्म इजिप्शियन पाखोन महिन्याच्या २५ ला मानतात, म्हणजे आपल्या २० मे ला, आणि काही जण १९-२० एप्रिल धरतात. डिसेंबरचं त्याच्याकडे नावही नाही. २५ डिसेंबरची पहिली पक्की नोंद सापडते ती रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा पुस्तकात, आणि त्यातली ती यादी ३३६ च्या सुमाराची मानतात. यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला, इतकीच ओळ. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात सरकारी सणांचं वेगळं कॅलेंडर आहे आणि तिथे त्याच तारखेला 'अजिंक्याचा जन्मदिन, रथांच्या ३० शर्यती' असं लिहिलंय. हा अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, ज्याचं देऊळ ऑरेलियन बादशहाने २७४ मध्ये बांधलं. पण हा सण २५ डिसेंबरला व्हायचा याची त्याआधीची स्पष्ट नोंद नाही! दोन्ही जन्मदिन एकाच पुस्तकात पहिल्यांदा भेटतात, मग कोणी कोणाचं उचललं हे ठामपणे कसं सांगणार. आणि सॅटर्नेलिया, म्हणजे रोमन सॅटर्न देवाची जत्रा, जिचं नाव फॉरवर्डमध्ये असतंच, ती १७ ला सुरू होऊन २३ पर्यंत संपायची. (आपला 'नाताळ' शब्द पोर्तुगीज 'नाताल' वरून आला आणि तो लॅटिन 'नातालिस' वरून, अर्थ जन्मदिन, आणि त्या रोमन कॅलेंडरमध्ये सूर्यासाठीही हाच शब्द आहे.)

अभ्यासकांमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो तारीख सूर्याच्या सणावरून घेतली, दुसरा म्हणतो ती हिशोबाने काढली. मला दुसऱ्या तटाचं म्हणणं जास्त पटतं. ते असं. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना जन्मापेक्षा मृत्यूची तारीख महत्त्वाची होती, कारण येशूला वधस्तंभावर दिलं ते वल्हांडण सणाच्या वेळी, ज्यूंच्या निसान महिन्याच्या १४ तारखेच्या आसपास. ही चांद्र तारीख, आपल्या तिथीसारखी, दरवर्षी इकडेतिकडे सरकणारी. तिला सौर कॅलेंडरमध्ये खिळवायचं तर कुठे? रोमकडच्या लोकांनी २५ मार्च धरला, टर्टुलियन या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकाने तो लिहून ठेवलाय. आशिया मायनरमध्ये (आजच्या तुर्कस्तानात) ख्रिस्ती लोकांनी स्थानिक सौर कॅलेंडरमधल्या वसंतातल्या पहिल्या महिन्याची १४ घेतली, तो महिना २४ मार्चला सुरू व्हायचा, म्हणून तारीख आली ६ एप्रिल. (आजचे खगोलगणिती ७ एप्रिल ३० किंवा ३ एप्रिल ३३ कडे झुकतात, ते असो.)

आता पुढची पायरी, माझी सगळ्यात आवडती. थोर पुरुषाचं आयुष्य पूर्ण असतं, अर्धवट वर्ष नसतं, म्हणून तो ज्या तारखेला आला त्याच तारखेला जातो, अशी एक समजूत होती. ज्यू परंपरेत कुलपित्यांबद्दल असं म्हणतात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, बुद्धांचा जन्म, ज्ञानप्राप्ती आणि महापरिनिर्वाण तिन्ही वैशाख पौर्णिमेलाच मानतो ना आपण. फक्त ख्रिस्ती लोकांनी 'आला' म्हणजे मरीयेच्या पोटी आला असा अर्थ घेतला. २५ मार्चमध्ये नऊ महिने मिळवा, २५ डिसेंबर. ६ एप्रिलमध्ये मिळवा, ६ जानेवारी. आणि नेमक्या याच दोन तारखा पश्चिमेत आणि पूर्वेत जन्मोत्सवाच्या झाल्या, आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीच पाळतं! सूर्यपूजेच्या थिअरीतून ही ६ जानेवारी निघत नाही. ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मपंडिताने तर २५ मार्चला गर्भधारणा, त्याच दिवशी मृत्यू आणि २५ डिसेंबरला जन्म, असं सरळ लिहिलंय.

म्हणजे सूर्याचा संबंधच नाही? तसं नाही. ज्युलियस सीझरचं कॅलेंडर इ.स.पू. ४५ पासून चालू झालं, त्यात २५ मार्चला दिवसरात्र समान आणि २५ डिसेंबरला सगळ्यात लहान दिवस असं धरायची रीत होती, प्लिनी या रोमन लेखकाने ती दिलीय. रोमन लोक तारीख पुढच्या महिन्याच्या पहिलीपासून उलटी मोजायचे आणि दोन्ही टोकं धरायचे, त्यामुळे २५ डिसेंबर म्हणजे '१ जानेवारीच्या आधीचा आठवा'. बोटं मोजून बघा: १, ३१, ३०, २९, २८, २७, २६, २५. चारही ऋतुबिंदू (दिवसरात्र समान असणारे दोन दिवस, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा दिवस) असेच 'आठवे' होते. म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिन, जो लूकच्या शुभवर्तमानानुसार सहा महिने आधी यायला हवा, तो '१ जुलैच्या आधीचा आठवा', आणि जून ३० दिवसांचा असल्यामुळे तो येतो २५ ला नाही, २४ ला. गोव्यात भर पावसात २४ जूनला लोक विहिरीत उड्या मारतात त्या सांजावची तारीख या रोमन मोजणीतून आलीय. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप लागली नाही.

पण मग आज सगळ्यात लहान दिवस २१-२२ ला का येतो? सीझरचं वर्ष ३६५.२५ दिवसांचं, ऋतूंचं खरं वर्ष ३६५.२४२२ चं. फरक सव्वाअकरा मिनिटांचा, पण १२८ वर्षांत तो अख्खा दिवस होतो आणि कॅलेंडर मागे पडत जातं. ३५४ मध्येच आकाशातला लहान दिवस २०-२१ डिसेंबरला पोचला होता, २५ ही तारीख तेव्हाही फक्त पुस्तकातली होती. १५८२ पर्यंत तो ११-१२ ला आला. पोप ग्रेगरीने १० दिवस गाळले (४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर), पण दुरुस्ती केली ती ३२५ सालच्या निकियाच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेच्या काळापर्यंत, सीझरच्या काळापर्यंत नाही, आणि म्हणून २१ आणि २५ मधला तो चार दिवसांचा फरक कायमचा गोठला.

आपली मकर संक्रांत याच्या उलट सरकते. ती ताऱ्यांना बांधलेली आहे, ताऱ्यांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा २० मिनिटांनी मोठं, कारण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो आणि २५,८०० वर्षांत एक फेरी मारतो. त्यामुळे संक्रांत दर ७२ वर्षांनी साधारण एक दिवस पुढे जाते. साधारण १७०० वर्षांपूर्वी, म्हणजे रोममध्ये नाताळची तारीख बसत होती त्याच काळात, संक्रांत आणि उत्तरायणाची खरी सुरुवात एकत्र होत्या. १२ जानेवारी १८६३ ला विवेकानंद जन्मले तेव्हा संक्रांत होती, आणि १४ जानेवारी १७६१ च्या पानिपताला 'संक्रांतीचा अशुभ दिवस' म्हणतात पण गणिताने त्या वर्षीची संक्रांत चार दिवस आधीच होऊन गेली होती, तेव्हा त्या दिवसावर अशुभपणा लादणं सोडून द्यायला हवं.

रशिया, सर्बिया इथली चर्चेस अजून सीझरचंच कॅलेंडर सणांसाठी वापरतात, त्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला येतो कारण फरक आता १३ दिवसांचा झालाय. २१०० हे आपल्याकडे लीप वर्ष नसेल, त्यांच्याकडे असेल. कॅलेंडर तोवर बदललं नाही तर २१०१ मध्ये त्यांचा नाताळ ८ जानेवारीला येईल.