बर्फाच्या पोटातली साखर

क्रेग केली हा अमेरिकन स्नोबोर्डर, म्हणजे दोन्ही पाय एकाच रुंद फळीला बांधून बर्फावरून घसरत उतरणारा. वॉशिंग्टन विद्यापीठात तो केमिकल इंजिनीअरिंग शिकत होता, पण जीव सगळा त्याच राज्यातल्या माउंट बेकर डोंगराच्या उतारांवर. स्नोबोर्डिंगमध्ये चार वेळा जगज्जेता, तीन वेळा यूएस ओपन विजेता. सिम्स ही बोर्ड बनवणारी कंपनी सोडून तो तिच्या स्पर्धक बर्टनकडे गेला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि काही काळ त्याला बिननावाच्या काळ्या बोर्डावर उतरावं लागलं. पुढे बर्टनने त्याच्या नावाचे बोर्ड काढले, त्यांच्या आखणीत तो स्वतः लक्ष घालायचा.

बोर्ड टोकांना रुंद आणि कमरेत बारीक असतो. तो कडेवर कलवला की मधला भाग वजनाने वाकून बर्फाला टेकतो, पोलादी कडेची कमान होते आणि बोर्ड न फरफटता त्या कमानीच्या रेषेत वळतो. कमरेतल्या बारीकपणामुळे कडेला आलेल्या वक्राची त्रिज्या 8 मीटर धरली, तर टणक बर्फावर 60 अंश कलवल्यावर वळणाची त्रिज्या साधारण 4 मीटर होते, कारण 60 अंशांची कोसाइन अर्धा.

कारकीर्द ऐन भरात असताना, 1990च्या दशकाच्या सुरुवातीला, केलीने स्पर्धा सोडल्या. मोकळ्या डोंगरात उतरायचं, फोटो आणि फिल्मसाठी उतरायचं आणि त्याचेच पैसे घ्यायचे. स्पर्धेत न उतरताही व्यावसायिक स्नोबोर्डर राहता येतं, हे त्याने करून दाखवलं. माझ्या मते पदकांपेक्षा त्याचं हे काम मोठं. मग त्याने पर्वत-गाइड व्हायचं ठरवलं. कॅनडातल्या त्या अभ्यासक्रमात स्नोबोर्ड घेऊन शिरलेला तो पहिलाच. चढताना त्याचा बोर्ड उभा दुभंगून दोन स्की व्हायच्या.

20 जानेवारी 2003 रोजी, कॅनडातल्या रेव्हलस्टोकजवळच्या सेल्कर्क पर्वतांत, हिमस्खलनात सात जण गेले. त्यांत 36 वर्षांचा केली होता.

अशा घटनांमागचं कारण बहुधा वरच्या बर्फात नसतं. हंगामाच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो. त्याचा तळ जमिनीच्या उबेने शून्य अंशाच्या आसपास राहतो, वरची बाजू मात्र कडक थंडीत. दर 10 सेंटिमीटरला एक अंशापेक्षा जास्त फरक पडला की खालच्या कणांतून बाष्प निघून वरच्या कणांवर गोठू लागतं. कण मोठे, टोकदार होतात आणि एकमेकांना धरत नाहीत. ओंजळीत घेतले तर साखरेसारखे सुटे ओघळतात. पुढे त्यावर मीटर-दोन मीटर बर्फ साचून घट्ट होतो आणि तो सुटा थर आठवडेच्या आठवडे तसाच दबून राहतो.

जाड बर्फावर चालणाऱ्या माणसाचं वजन सहसा तिथवर पोचत नाही. एखाद्या खडकाजवळ, जिथे बर्फ पातळ आहे, तिथे पोचतं. कमकुवत थर तिथे मोडतो, भेग आडवी धावत जाड भागाखाली शिरते आणि वरची सगळी लादी एकदम सुटते. उतार 30 ते 45 अंशांचा असेल तर ती थांबत नाही. वरून शंभर जण सुखरूप गेले म्हणून उतार भक्कम ठरत नाही, कारण त्यांतल्या कोणाचं पाऊल त्या पातळ जागी पडलेलं नसतं.

अवघ्या बारा दिवसांनी, 1 फेब्रुवारीला, त्याच पर्वतरांगेत शाळेच्या सहलीतले सात विद्यार्थी हिमस्खलनात दगावले. मग मात्र कॅनडात चक्रं हलली. 2004मध्ये राष्ट्रीय हिमस्खलन केंद्र उभं राहिलं. आज तिथल्या हंगामी अंदाजांत अशा खोलवर दडून टिकलेल्या कमकुवत थराला धोक्याचा स्वतंत्र प्रकार म्हणून जागा आहे, आणि त्याची शंका असेल तर सल्ला एकच असतो: सौम्य उतार धरा.