चुकांची वही

मोबाइलवर अ‍ॅप अपडेट करायला जावं तर खाली ठरलेली ओळ असते: ‘बग फिक्सेस आणि किरकोळ सुधारणा’. कुठला बग, म्हणजे प्रोग्रॅममधला दोष, कुणाला सापडला, त्याने काय बिघडत होतं, कशाचाच पत्ता नाही. रिलीजच्या दिवशी संध्याकाळी घरी जायच्या घाईत मीही असली ओळ लिहिलेली आहे, तेव्हा फार बोलायला तोंड नाही. पण बगांची नोंद ठेवायची रीत ज्यांनी पाडली ती माणसं नोंदींच्या बाबतीत एवढी कंजूष नव्हती.

हार्वर्डमध्ये मार्क टू नावाचं रिलेवर, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचांवर, चालणारं अवाढव्य गणकयंत्र होतं. ९ सप्टेंबर १९४७ला दुपारी पावणेचार वाजता त्याच्या एफ पॅनेलमधल्या ७० नंबरच्या रिलेत पतंग, म्हणजे दिव्याभोवती फिरणारा तो किडा, अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने लॉगबुकात डकवला गेला आणि खाली शेरा पडला, की बग खरोखरचा सापडायची ही पहिलीच वेळ. यंत्रातल्या खोडीला बग, म्हणजे किडा, म्हणायची पद्धत आधीपासूनच होती, एडिसनच्या १८७८च्या पत्रातही ती दिसते. म्हणून तर विनोद जमला. सगळे तो पतंगच बघतात. माझी नजर मात्र त्याच्या शेजारी लिहिलेल्या वेळेवर आणि रिलेच्या नंबरावर जाते.

खरी वही घातली ती स्टॅनफर्डचे संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड कनूथ यांनी. छपाईची अक्षरजुळणी करणारा ‘टेक’ हा प्रोग्रॅम लिहिताना, १० मार्च १९७८पासून, त्यांनी प्रत्येक दुरुस्ती टिपायला सुरुवात केली. दहा वर्षांत साडेआठशेवर नोंदी झाल्या आणि १९८९मध्ये त्यांनी त्या सगळ्याच्या सगळ्या छापून टाकल्या. प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर, असे पंधरा प्रकार: विसरलेलं वेगळं, टायपिंगची चूक वेगळी, आणि सरळसरळ घोडचूक असेल तर तिचंही अक्षर वेगळं. स्वतःच्या घोडचुका अशा मोजून चारचौघांत मांडायला जिगर लागते.

स्वतःच्या पुस्तकांतल्या चुकांचीही यादी त्यांनी तितक्याच काटेकोरपणे चालवली. पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक मिळे. २५६ सेंट म्हणजे १६ गुणिले १६, सोळाच्या पटीत मोजणाऱ्यांचा एक डॉलर! टेकमधल्या बगाचं बक्षीस तर वर्षागणिक दुप्पट होत ३२७.६८ डॉलरपर्यंत गेलं. कित्येकांनी चेक वटवलेच नाहीत, फ्रेम करून भिंतीवर लावले. डॉक्युमेंटेशनमधली चूक हीदेखील चूकच, हे पदरचे पैसे मोजून सांगणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. आमच्याकडे असलं टिकीट, म्हणजे चुकीची नोंद, पुढच्या रिलीजवर ढकललं जातं, आणि मग त्याच्याही पुढच्या.

एकट्याची वही शेकडो जणांची झाली की ती सांभाळणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो. १९९४मध्ये इयान जॅक्सन यांनी डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमसाठी तो लिहिला. ईमेल पाठवा, बगाला नंबर मिळेल. तिथली पुढची युक्ती जास्त कामाची ठरली: नव्या आवृत्तीच्या बदलनोंदीत ‘क्लोझेस’ लिहून तो नंबर घातला, की पॅकेज अपलोड होताच बग आपोआप बंद. मग नोंद लिहायचा कंटाळा करून कसं चालेल? १९९८मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतून टेरी वाइसमन यांचं बगझिला आलं, तेही बगांची वही सांभाळणारंच. त्यात बग बंद करायच्या कारणांमध्ये ‘वर्क्स फॉर मी’ हेही होतं. ‘माझ्याकडे तर चालतंय’ या जगातल्या सर्वांत जुन्या सबबीला तिथे अधिकृत जागा मिळाली.

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवणाऱ्यांची अडचण निराळीच होती. बदलांची बातमी सगळे जण एकाच फाइलच्या माथ्यावर लिहीत, त्यामुळे दोघांचं काम एकत्र करायला गेलं की हमखास टक्कर. २०१७पासून प्रत्येक बातमीची वेगळी चिमुकली फाइल करायची आणि रिलीजच्या वेळी सगळ्या एकत्र शिवायच्या असं ठरलं. कुठलं फंक्शन कोणत्या आवृत्तीपासून आलं किंवा बदललं, हे तिथे फंक्शनच्या माहितीतच लिहिलेलं असतं. २०२२मध्ये बगांचं बिऱ्हाड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर हललं, त्यामुळे बदलनोंदींत आता जुने बीपीओचे (पायथॉनच्या जुन्या बग-यादीचे) आणि नवे जीएचचे (गिटहबचे) असे दोन तऱ्हांचे नंबर दिसतात.

कनूथ यांची यादी अजून चालू आहे. टेकच्या आवृत्तीचा आकडा दर दुरुस्तीला पाय (π) या गणितातल्या संख्येच्या एकेक अंकाने लांबतो. २०२१मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या पश्चात तो नुसता पाय करावा आणि उरलेल्या बगांना वैशिष्ट्यं समजावं, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. पुढची तपासणी २०२९मध्ये.