शेणाच्या टाकीला चिमणी काहून पायजे?

नागपूरच्या काटोल रोडच्या पुढे एका डेअरीवर गेलो होतो. दोनशे म्हशी, मागे नव्याने बांधलेली गोबरगॅसची टाकी, तिच्यावर फुगलेला काळा रबरी फुगा. मालक काका कोठ्याच्या ओट्यावर हवेच्या परवानगीच्या अर्जाचे कागद पसरून बसले होते. एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "भाऊ, हे पाहा. चिमणीची उंची विचारून राहिले. कोठ्यात चिमण्या लय येतात, त्यांची उंची लिहू का जी?"

हसलो दोघंही. पण प्रश्न खरा होता. शेण टाकीत जातं, गॅस नळीतून येतो, उरलेला पातळ रबडा, म्हणजे स्लरी, शेतात जाते. यात धूर कुठे आहे? मग हवेच्या परवानगीचा संबंध काय?

टाकीपुरतं बोलायचं तर काकांचं म्हणणं बरोबर होतं. ती हवाबंद असते, असावीच लागते. आतली बहुतेक कामकरी मंडळी अशी की त्यांना ऑक्सिजन म्हणजे विष. काही जीवाणू शेणातला चोथा फोडतात, दुसरे त्याची आम्लं करतात आणि शेवटी आर्किया नावाचे अतिप्राचीन सूक्ष्मजीव त्यातून मिथेन काढतात. हेच जीव म्हशीच्या पोटातही असतात. थोडक्यात टाकी म्हणजे म्हशीच्या पोटाचा पुढचा भाग, फक्त विटा-सिमेंटचा. साधारण 25 किलो ताज्या शेणातून एक घनमीटर गॅस मिळतो. त्यात 55 ते 65 टक्के मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि चिमूटभर हायड्रोजन सल्फाइड.

सगळी भानगड या चिमूटभराची आहे.

सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच वायू. हवेत अगदी नावापुरता असला तरी नाकाला कळतो. पण प्रमाण 100 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत शंभर भागांच्या, आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. "वास गेला, आता उतरायला हरकत नाही" असं म्हणून मॅनहोलमध्ये किंवा स्लरीच्या खड्ड्यात उतरलेली माणसं परत येत नाहीत, ती यामुळे. शेणाच्या गॅसमध्ये हा वायू सहज हजार-दोन हजार पीपीएम असू शकतो. तो जाळला की त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. म्हणजे धूर टाकीतून निघत नाही, पण टाकीतला गॅस जिथे जळतो तिथून नक्की निघतो. अर्जातला तो रकाना इंजिनाच्या तोंडाबद्दल विचारत होता.

काकांना गॅसवर जनरेटर चालवायचा होता. मग ओट्यावरच हिशेब मांडला. म्हशीमागे दिवसाला 15 किलो शेण धरलं, तर दोनशे म्हशींचं तीन टन. त्याचा गॅस 120 घनमीटर. त्यात 2000 पीपीएम हायड्रोजन सल्फाइड धरला, तर जळल्यावर दिवसाला साधारण साडेसहाशे ग्रॅम सल्फर डायऑक्साइड. इंजिन आठ तास चाललं तर तासाला सुमारे 80 ग्रॅम, म्हणजे 0.08 किलो. आपल्याकडे धुराड्याच्या उंचीचं एक रुळलेलं सूत्र आहे: तासाला जितके किलो सल्फर डायऑक्साइड, त्या आकड्याचा 0.3 वा घात घ्यायचा आणि 14 ने गुणायचं. उत्तर आलं जवळपास साडेसहा मीटर.

काकांनी लगेच विचारलं, "अन् गॅस साफ करून जाळला तर?"

या सूत्राची गंमत इथे आहे. सल्फर दहापट कमी केलं तरी उंची दहापट कमी होत नाही, फक्त निम्मी होते. 10 चा 0.3 वा घात जवळपास 2 येतो ना, म्हणून. सव्वातीन मीटर पाइप वाचवण्यासाठी कोणी फिल्टर बसवणार नाही. फिल्टर बसवायचा तो इंजिनासाठी. सल्फर जळून जे आम्ल होतं ते ऑइलमध्ये उतरतं, बेअरिंगं खातं, आणि मिस्त्री दर महिन्याला दारात उभा राहतो.

फिल्टर काकांनी आधीच पाहून ठेवला होता: लेथवर निघालेला लोखंडाचा कीस गंजवून एका ड्रममध्ये भरायचा आणि त्यातून गॅस सोडायचा. गंजातलं लोह सल्फाइडला धरून ठेवतं आणि तांबूस कीस काळा पडतो. काळा पडला की बदलायचा. इथे मात्र मी त्यांना थांबवलं. हा काळा कीस हवेत आला की लोहाचा पुन्हा गंज होतो, पिवळं गंधक सुटं होतं आणि या सगळ्यात चांगलीच उष्णता निघते. कुटाराच्या गंजीशेजारी तो ढीग टाकला तर आग लागू शकते. पाणी मारून, थोडा थोडा पसरून ठेवायचा.

सल्फरचं असं काहीतरी करता येतं. नायट्रोजन ऑक्साइडचं तसं नाही, कारण तो शेणातून येतच नाही. इंजिनात ठिणगी पडली की आतलं तापमान इतकं चढतं की साध्या हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना चिकटतात. गॅस गंगेसारखा शुद्ध करून घातला तरी हे होणारच. पुढे याच ऑक्साइडपासून उन्हात, इतर वायूंच्या सोबतीने, जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. आणि ऊन आपल्याकडे कमी आहे असं नागपूरकराला कोण सांगणार!

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सॅन वोकीन खोऱ्यात याचा पेच झाला. राज्यात सुमारे 17 लाख दुभत्या गाई, त्यातल्या बहुतेक या खोऱ्यात. 2016 च्या कायद्याने दुग्धव्यवसायासह पशुपालनातून निघणारा मिथेन 2030 पर्यंत 2013 च्या तुलनेत 40 टक्के कमी करायचं ठरलं. म्हणजे टाक्या बांधा. पण खोरं डोंगरांनी वेढलेलं, ओझोनसाठी देशातल्या सर्वांत वाईट भागांपैकी एक. तिथल्या हवा-नियंत्रण मंडळाने इंजिनांवर अतिशय कडक मर्यादा घातल्या. एक कायदा म्हणतो गॅस पकडा, दुसरा म्हणतो इथे जाळू नका. वाट निघाली ती अशी की बऱ्याच डेअऱ्यांनी वीज करण्याचा नाद सोडला आणि गॅस साफ करून पाइपलाइनला देऊ लागल्या. मला हे शहाणपणाचं वाटतं. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीसपट तापवतो हे खरंच. पण शेजारच्या पोराला दमा द्यायला नायट्रोजन ऑक्साइड पुरेसा आहे.

आपल्याकडे पाइपलाइनऐवजी सिलिंडरची वाट आहे. वाहनांसाठीच्या बायोगॅसला भारतीय मानकाप्रमाणे किमान 90 टक्के मिथेन लागतो. सिलिंडरमध्ये दाबून भरायचा म्हटलं की स्फोटक सुरक्षेचा परवानाही आला. तो देणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे आणि हवेचा अभ्यास करणारी नीरी ही संस्थाही इथलीच, म्हणजे काकांना फार लांब जावं लागणार नव्हतं. हवेची संमती मात्र राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घ्यायची, 1981 च्या हवा कायद्याखाली. कोणाचं प्रदूषण किती यावरून मंडळ रंगांचे गट पाडतं. केंद्रीय मंडळाने 2020 मध्ये डेअरी जास्त प्रदूषणाच्या नारिंगी गटात टाकली आणि गोशाळा कमी प्रदूषणाच्या हिरव्या. शेण तेच, वास तोच. रंग तेवढा वेगळा.

अर्जात न विचारलेली एक गोष्ट मी काकांना दाखवली: टाकीमागचा स्लरीचा उघडा खड्डा. टाकीत पचताना शेणातल्या प्रथिनांचा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मोकळा होतो, त्यामुळे खड्ड्यावर कच्च्या शेणापेक्षा अमोनिया जास्त उडतो. देशाच्या हवा-मानकांतल्या बारा प्रदूषकांत अमोनिया आहे, हायड्रोजन सल्फाइड नाही. हिवाळ्यात हवा खाली दबून बसते तेव्हा हाच अमोनिया चिमणीतून आलेल्या आम्लांशी जुळून बारीक धूलिकण करतो. शिवाय शेण टाकीत पुरेसे दिवस न राहता बाहेर आलं तर उरलेला मिथेनही त्या खड्ड्यातूनच जातो. आणि उडालेला नायट्रोजन म्हणजे शेतातून गेलेला युरिया.

शेवटचं वाक्य ऐकून काका उठले आणि खड्ड्यापाशी जाऊन उभे राहिले. "याच्यावर ताडपत्री टाकली तं?"

"चालेल काका. पण खाली गॅस साचेल, तोही नळीने फुग्यात घ्या. अन् आत कोणाला उतरू देऊ नका."

त्यांनी खिशातून पेन काढला, चिमणीच्या रकान्यात 7 मीटर लिहिलं, आणि पोराला ताडपत्रीचं माप घ्यायला पाठवलं.