‘वस्तीच तसली’ म्हणण्याआधी

‘तिथली माणसंच भांडखोर, जागेचा काय दोष?’ हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते खरं नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात संशोधकांनी ५४१ पडीक भूखंडांच्या जणू चिठ्ठ्या काढल्या. काहींवरचा कचरा उचलून गवत पेरलं, चार झाडं लावली, आत शिरायला वाट ठेवून बुटकं लाकडी कुंपण घातलं. काही होते तसेच ठेवले. निष्कर्ष २०१८ साली आले: दारिद्र्यरेषेखालच्या भागांत, सुधारलेल्या भूखंडांभोवती बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली. माणसं बदलली नव्हती, बदलली ती जागा! (माजलेल्या झुडपांत पिस्तूल लपवणं सोपं, हेही आहेच.) अपघातांचंही तसंच. पोर गाडीसमोर येतं, तिथे फुटपाथ आहे का, हे आधी पाहावं. गरिबी, बेकारी मात्र गवत पेरून जात नाही.