प्रणाली सिद्धांत

एकमेकांशी बांधलेल्या घटकांचा समूह मिळून कसा वागतो, याचा अभ्यास करणारी विचारपद्धती म्हणजे प्रणाली सिद्धांत. पेशी, जंगल, कारखाना, कुटुंब, वीजजाळे, शासनसंस्था यांत वरवर काहीच साम्य दिसत नाही. पण त्यांच्या घटकांमधल्या नात्यांची ठेवण पाहिली तर काही मोजकी रूपे पुन्हा पुन्हा भेटतात, आणि म्हणून एका क्षेत्रात उमगलेली गोष्ट दुसऱ्या क्षेत्रात कामी येऊ शकते, हे या सिद्धांताचे मूळ प्रतिपादन आहे. समाजशास्त्र आणि राज्यशास्त्राच्या मराठी पुस्तकांत यालाच ‘व्यवस्था सिद्धांत’ म्हणतात. अभियांत्रिकी आणि संगणकाच्या लिखाणात ‘प्रणाली’ हा शब्द रुळला आहे.

या विचाराची गरज का पडते, हे लंडनच्या मिलेनियम पुलाच्या हकिगतीतून चटकन कळते. थेम्स नदीवरचा हा पादचारी पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि गर्दी चढताच आडवा डुलू लागला. पूल कमकुवत नव्हता, आणि लोक काही कवायतीसारखे चालत नव्हते. पूल किंचित हलला की तोल सावरण्यासाठी माणूस नकळत त्या हालचालीशी जुळवून पाऊल टाकतो. त्या पावलाचा आडवा रेटा पुलाला आणखी हलवतो, आणि पूल जास्त हलला की आणखी माणसे त्याच तालात येतात. दोन दिवसांत पूल बंद करावा लागला. कंपने शोषणारी उपकरणे बसवून तो २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. पोलाद तपासून हा दोष सापडला नसता, माणसे तपासूनही नाही. तो दोहोंच्या नात्यात होता.

मूळ कल्पना

प्रणाली म्हणजे निव्वळ ढीग नव्हे. वाळूच्या ढिगातून मूठभर वाळू काढली तरी ढीग ढीगच राहतो. घड्याळातले एक चाक काढले तर घड्याळ उरत नाही. घटकांच्या जुळणीतून असे गुण उपजतात जे कोणत्याही एका घटकात नसतात. पाण्याच्या एका रेणूला ओलेपणा नाही, एका चेतापेशीला आठवण नाही. या उपजण्याला ‘उद्भव’ म्हणतात.

प्रत्येक प्रणालीला सीमा असते आणि सीमेपलीकडे तिचा परिसर. ही सीमा बहुतेक वेळा निसर्ग आखून देत नाही, अभ्यासक आखतो. धरणाचे गणित मांडणाऱ्याची सीमा जलाशयापाशी संपू शकते. त्याच नदीच्या मुखाशी मासे धरणाऱ्याच्या लेखी खाली येणारा गाळ आणि गोडे पाणी हेही प्रणालीचेच भाग असतात. दोघेही चुकत नाहीत, पण दोघांची उत्तरे वेगळी येतात. सिद्धांताची ताकद आणि धोका दोन्ही या रेषेत आहेत.

प्रणालीच्या वागण्याचा दुसरा आधार म्हणजे फीडबॅक, अर्थात प्रत्याभरण: परिणामाने उलट फिरून आपल्याच कारणावर प्रभाव टाकणे. शरीर तापले की घाम येतो आणि शरीर थंड होते. हा समतोल राखणारा, म्हणजे ऋण फीडबॅक. ध्रुवीय बर्फ वितळले की उघडे पडलेले गडद पाणी जास्त ऊन शोषते, त्यामुळे आणखी बर्फ वितळते; हा बदल वाढवत नेणारा, म्हणजे धन फीडबॅक. इथे ‘ऋण’ म्हणजे वाईट आणि ‘धन’ म्हणजे चांगला असा अर्थ मुळीच नाही. अनेक आपत्ती धन फीडबॅकने येतात, आणि आपण जिवंत आहोत ते हजारो ऋण फीडबॅकमुळे.

फीडबॅकला विलंबाची जोड मिळाली की प्रणाली हेलकावे खाऊ लागते. गरम पाण्याचा नळ फिरवल्यावर बदल लगेच जाणवत नाही म्हणून आपण तो आणखी फिरवतो, मग पाणी चटका देते, मग उलट दिशेला तेच. नळ धरणारा मूर्ख नसतो. मधल्या पाइपची लांबी त्याला फसवते.

साठा आणि प्रवाह यांतला फरकही वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. टाकीत येणारे पाणी जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त आहे तोवर पातळी वाढतच राहणार, मग येणारी धार वाढायची थांबली तरीही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे अगदी असेच आहे: उत्सर्जनाची वाढ थांबणे म्हणजे हवेतले प्रमाण थांबणे नव्हे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतले जॉन स्टर्मन यांनी उच्चशिक्षित विद्यार्थ्यांना हाच प्रश्न घातला, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांची चूक झाली. हवामानाच्या सार्वजनिक चर्चेतला मोठा गोंधळ या एका चुकीतून येतो.

उगम

या विचाराला एकच जनक नाही. वाफेच्या इंजिनाचा वेग आपोआप आवरणारे नियंत्रक अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॉट यांच्या इंजिनांवर बसले होते, आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये अशा नियंत्रकांचे गणित मांडले. शरीरशास्त्रात क्लोद बर्नार यांनी शरीराचा अंतर्गत परिसर स्थिर राखला जातो हे दाखवले. वॉल्टर कॅनन यांनी १९२० च्या दशकात त्याला ‘होमिओस्टॅसिस’, म्हणजे समस्थिती, हे नाव दिले. रशियात अलेक्सांद्र बोग्दानोव यांनी १९१० च्या दशकातच सर्व प्रकारच्या संघटनांचे एक सामाईक शास्त्र रचायला घेतले होते, पण त्यांचे काम दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले.

तरी ‘सामान्य प्रणाली सिद्धांत’ हे नाव जोडले गेले आहे ते ऑस्ट्रियन जीवशास्त्रज्ञ लुडविग फॉन बर्टालान्फी (१९०१–१९७२) यांच्याशी, आणि त्यांचा प्रश्न मुळातून समजून घेण्याजोगा आहे. १८९१ मध्ये हान्स ड्रिश यांनी समुद्री साळिंद्र (सी अर्चिन) या काटेरी सागरी प्राण्याच्या दोन पेशींच्या भ्रूणाचे दोन तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्यातून अर्धा नव्हे, लहान का होईना पण पूर्ण डिंभ (लार्व्हा) तयार झाला. यंत्राचे अर्धे भाग काढून पूर्ण यंत्र मिळत नाही. म्हणून सजीवात काहीतरी गूढ जीवनशक्ती असली पाहिजे, अशा निष्कर्षाला ड्रिश आले. बर्टालान्फींना जीवनशक्ती मान्य नव्हती, आणि सजीव म्हणजे यंत्र हेही मान्य नव्हते. त्यांचे उत्तर असे की सजीव ही खुली प्रणाली आहे: द्रव्य आणि ऊर्जा तिच्यातून सतत वाहत असतात. बंदिस्त प्रणाली सुरुवातीच्या स्थितीने बांधलेली असते आणि अखेर निश्चल समतोलाकडे जाते. खुली प्रणाली मात्र वाहत्या स्थैर्यात टिकते आणि वेगवेगळ्या आरंभांपासून त्याच शेवटाला पोहोचू शकते. गूढ शक्तीची गरजच उरली नाही. पुढे इल्या प्रिगोजिन यांनी समतोलापासून दूर असलेल्या प्रणालींत सुव्यवस्था कशी निर्माण होते याचे ऊष्मागतिकी विवेचन केले. त्यांना १९७७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

१९५४ मध्ये बर्टालान्फी, अर्थतज्ज्ञ केनेथ बोल्डिंग, शरीरशास्त्रज्ञ राल्फ जेरार्ड आणि गणिती अनातोल रापोपोर्ट यांनी या विषयासाठी संस्था उभारण्याचे ठरवले. चौघांची चार क्षेत्रे पाहिली तरी कल्पनेचा आवाका लक्षात येतो. दरम्यान नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये सायबरनेटिक्सची, म्हणजे प्राणी आणि यंत्रे यांतल्या नियंत्रणाच्या व संदेशवहनाच्या शास्त्राची, मांडणी केली होती. हा शब्द सुकाणू धरणाऱ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून घेतलेला आहे. रॉस अ‍ॅश्बी यांनी त्यात एक नियम घातला: नियंत्रण करणाऱ्याकडे प्रतिसादांची विविधता परिसराकडून येणाऱ्या धक्क्यांच्या विविधतेला पुरी पडेल इतकी हवी. एकाच साच्याचा नियम सगळीकडे लावणारी कार्यालये का कोलमडतात, याचे इतके नेटके स्पष्टीकरण दुसरे क्वचितच मिळेल.

उपयोग

व्यवस्थापनात या सिद्धांताने सर्वांत ठळक फळ दिले. जे फॉरेस्टर हे विद्युत अभियंते १९५६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटच्या व्यवस्थापन शाखेत आले. जनरल इलेक्ट्रिकच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत काही वर्षे जादा पाळ्या चालत आणि नंतर निम्म्या कामगारांना काढावे लागे. कारण म्हणून बाजारातल्या तेजी-मंदीकडे बोट दाखवले जाई. फॉरेस्टर यांनी साठा, मागणी आणि कामगारभरतीचे नियम कागदावर मांडून हाताने आकडेमोड केली. मागणी स्थिर धरली तरी भरतीचे नियम आणि विलंब यांतूनच हेलकावे उठत होते. यातून ‘प्रणाली गतिकी’ ही शाखा जन्मली.

तीच गोष्ट शिकवण्यासाठी तिथे १९६० च्या दशकात एक खेळ तयार झाला, तो आजही व्यवस्थापनाच्या वर्गांत खेळला जातो. किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशी चार माणसे बसतात. प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याची मागणी दिसते आणि माल पोहोचायला काही आठवडे लागतात. ग्राहकाची मागणी संपूर्ण खेळात एकदाच बदलते: आठवड्याला चार खोक्यांवरून आठ. तरी कारखान्यापर्यंत पोहोचेतो मागणीचे प्रचंड डोंगर आणि दऱ्या तयार होतात. खेळ संपल्यावर ग्राहकाची मागणी कशी होती असे विचारले, तर खेळाडू चढउताराचे चित्र काढतात. आपणच उठवलेली लाट बाहेरून आली असे त्यांना मनापासून वाटते.

कोळसाखाणींतला अनुभव वेगळ्या बाजूने बोलका आहे. ब्रिटनमध्ये यांत्रिकीकरण झाल्यावर उत्पादन अपेक्षेइतके वाढेना आणि गैरहजेरी वाढली. एरिक ट्रिस्ट आणि केन बॅम्फोर्थ यांनी १९५१ मध्ये दाखवले की नव्या यंत्रांसोबत कामाची वाटणी बदलली आणि एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या खाणकामगारांच्या छोट्या टोळ्या मोडल्या. बॅम्फोर्थ स्वतः खाणीत काम केलेले होते. यंत्र आणि माणसांची घडी या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो, हा सामाजिक-तांत्रिक प्रणालीचा विचार तिथून सुरू झाला.

परिसंस्थाशास्त्र तर प्रणालीच्या कल्पनेवरच उभे आहे. ‘इकोसिस्टिम’ हा शब्द आर्थर टॅन्सले यांनी १९३५ मध्ये वापरला. अंटार्क्टिकाच्या वाटेवरील मॅक्वारी बेटावर माणसांनी आणलेली मांजरे पक्षी मारत होती, म्हणून २००० पर्यंत ती संपवली गेली. नंतर सशांची संख्या भडकली आणि त्यांनी बेटावरची हिरवळ ओरबाडली. दोष मांजरे काढण्याचा किती आणि सशांवर सोडलेल्या विषाणूचा जोर ओसरण्याचा किती, यावर संशोधकांत वाद झाला. पुढच्या मोहिमेत ससे, उंदीर आणि घुशी यांना एकत्रच लक्ष्य केले गेले, आणि २०१४ मध्ये ती यशस्वी झाल्याचे जाहीर झाले. सीमा रुंद केली तेव्हा काम झाले.

वाहतुकीत डीट्रिश ब्रेस यांनी १९६८ मध्ये गणिताने दाखवले की जाळ्यात नवा रस्ता जोडल्याने काही वेळा सर्वांचाच प्रवास लांबतो, कारण प्रत्येक जण आपल्यापुरती जवळची वाट निवडतो.

सामाजिक शास्त्रांत चित्र संमिश्र आहे. डेव्हिड ईस्टन यांनी राजकारणाकडे मागण्या आणि पाठिंबा आत घेऊन निर्णय बाहेर देणारी व्यवस्था म्हणून पाहिले. हा आराखडा साधा आहे आणि तौलनिक अभ्यासाला सोयीचा. टॅल्कॉट पार्सन्स यांनी १९५१ पासून समाजाची सर्वंकष व्यवस्था रचली. निकलास लुहमान यांनी १९८४ मध्ये त्याहून धाडसी पाऊल टाकले: समाज माणसांचा बनलेला नसून संज्ञापनांचा बनलेला आहे, आणि माणसे त्याच्या परिसरात मोडतात. हे विधान खटकते, पण त्यामुळे न्यायालये, बाजार आणि विज्ञान आपापल्या भाषेत का अडकतात हे उलगडायला मदत होते. मानसोपचारात ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून कुटुंबोपचाराला बळ मिळाले: लक्षण एका मुलात दिसले तरी घरातल्या वागण्याची साखळी पाहायची. ही दृष्टी टिकली. मात्र १९५६ मध्ये त्याच गटाने स्किझोफ्रेनियाचे मूळ कुटुंबातल्या दुहेरी संदेशांत शोधले, त्याला पुराव्याचा आधार मिळाला नाही, आणि अशा मांडण्यांमुळे अनेक आईवडिलांच्या माथी नाहक दोष आला.

आक्षेप

सर्वांना लागू पडणारा सिद्धांत कोणालाच नेमके काही सांगत नाही, हा जुना आक्षेप आहे आणि तो अनाठायी नाही. पेशी आणि राष्ट्र दोन्ही ‘खुल्या प्रणाली’ आहेत असे म्हटल्याने राष्ट्राबद्दल नवे काही कळत नाही. साधर्म्य ही सुरुवात असते. पुढे त्या त्या क्षेत्राचे मोजमाप करावेच लागते. पार्सन्स यांच्यावर असा आरोप झाला की समतोलाला मध्यभागी ठेवल्याने संघर्ष म्हणजे बिघाड ठरतो आणि सत्ता दिसेनाशी होते.

जगाच्या प्रारूपावरचा वाद सर्वांत गाजला. लोकसंख्या, औद्योगिक उत्पादन, अन्न, प्रदूषण आणि न भरून येणारी संसाधने यांचे परस्परसंबंध मांडून डोनेला मेडोज आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये वाढीला मर्यादा असल्याचे म्हटले. किमती वाढल्या की वापर घटतो आणि पर्याय सापडतात, हे प्रारूपात पुरेसे आलेले नाही, अशी अर्थतज्ज्ञांची टीका होती. ती दखलपात्र होती. पण ते भाकीत नसून ‘असे केले तर काय’ अशा अनेक शक्यतांचा अभ्यास होता, हे टीकाकारांनीही आणि चाहत्यांनीही वारंवार विसरून टाकले.

१९७० च्या दशकानंतर प्रणालीविचारातच एक वळण आले. पीटर चेकलंड यांनी दाखवले की माणसांच्या संस्थांत ‘समस्या काय आहे’ यावरच एकमत नसते, त्यामुळे आधी निरनिराळ्या लोकांची चित्रे समोर मांडावी लागतात. वर्नर उलरिख यांनी १९८३ मध्ये सीमेचा प्रश्न थेट नैतिक पातळीवर नेला आणि बारा प्रश्नांची एक यादी केली. योजना कोणाच्या भल्यासाठी आहे, निर्णय कोणाच्या हाती आहे, कोणाचे ज्ञान ग्राह्य धरले गेले, आणि ज्यांच्यावर परिणाम होणार पण ज्यांना विचारलेले नाही त्यांच्या वतीने कोण बोलते, असे ते प्रश्न आहेत. प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायचा असतो: सध्या काय आहे, आणि काय असायला हवे. ते विचारायला तज्ज्ञ असावे लागत नाही, आणि उलरिख यांचा हेतूही तोच होता.