वंध्यत्वाचे मानसिक परिणाम

गर्भनिरोधक न वापरता वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस न राहणे, याला वैद्यकशास्त्र वंध्यत्व म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार सहापैकी सुमारे एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी ते भोगावे लागते.

हे दुःख दर महिन्याला नव्याने सुरू होते. पाळी चुकेल अशी आशा, ती आली की रडू, आणि पुन्हा तारखा मोजणे. कोणी गेलेले नसते, म्हणून सांत्वनाला कोणी येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलिस डोमर व सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात अशा स्त्रियांची चिंता आणि नैराश्य कर्करोगाच्या रुग्णांइतके आढळले.

‘काय, गोड बातमी कधी?’ हा प्रश्न मराठी घरांत लग्नानंतर लवकरच सुरू होतो. डोहाळजेवणाला न जावे तर बोल लागतो. जावे तर ओटी भरताना मूल नसलेल्या बाईला वगळले जाते. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण असते, तरी नवस, उपास आणि टोमणे सुनेच्याच वाट्याला येतात. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा निकाल घरात लपवून दोष स्वतःवर घेणाऱ्या बायकाही असतात. पुरुषाचे दुःख तर बहुधा कोणी विचारतच नाही.

‘टेन्शन घेऊ नकोस, आपोआप राहील’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो. पण त्यातून अपयशाचे खापर तिच्याच मनावर फुटते. ‘बीएमजे’ या नियतकालिकातील २०११ च्या विश्लेषणात १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. वंध्यत्वावरील उपचारापूर्वीचा ताण आणि उपचाराच्या त्या खेपेचे यशापयश यांचा संबंध दिसला नाही. ताण हलका करायचा तो तिला बरे वाटावे म्हणून. ताणापायी अनेक जोडपी उपचार अर्ध्यावर सोडतात, हे मात्र खरे.

समुपदेशन, विचार व वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती आणि समदुःखींचे गट यांचा आधार होतो. टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने क्लिनिकांवर समुपदेशनाची जबाबदारी टाकली आहे. बारशाला न जाणे काही काळ मनाला जपते. कायमचे टाळत राहिले तर एकटेपणा वाढतो. किती खेपा करायच्या, किती पैसा घालायचा, हे दोघांनी आधीच ठरवलेले बरे. दत्तक घेतले की स्वतःचे मूल होते, या समजाला आधार नाही. दत्तकासाठी ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तकविषयक संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी केल्यावरही बहुतेकांना काही वर्षे थांबावे लागते, आणि आधीच थकलेल्या जोडप्यांना ती वाट पाहणे जड जाते.